उतारा

रात्री अकराला वसतिगृहाचे दिवे जातात,
तेव्हा सालिमे पुस्तक घेऊन
गरम पाण्याच्या खोलीत येते.
तिथला दिवा कुणी बंद करत नाही.
बॉयलर स्वतःशीच पुटपुटत असतो,
भिंतीला टेकलं की पाठ शेकते,
लान्चौच्या डिसेंबरात एवढं पुरे.

पुस्तक पाच युआनचं.
जूनमध्ये पदवी घेऊन निघालेल्या मुलींनी
जिन्याखाली चादर अंथरून विकायला काढलं होतं सगळं:
छत्र्या, टेबललॅम्प, अर्धी शाम्पूची बाटली,
आणि कॉलेजच्या इंग्रजी परीक्षेचे
चाळीस सराव-उतारे.
पहिल्या पानावर नाव, ची युनशू.
समासात तिची पेन्सिल.

उतारा सत्ताविसावा. वेळ नऊ मिनिटं.

एक म्हातारा आहे, कुठल्याशा थंड बेटावरचा,
तीस वर्षं दीपगृह सांभाळलेला.
आता तिथला दिवा आपोआप लागतो.
तरी तो रोज संध्याकाळी एकशे बारा पायऱ्या चढतो
आणि काच पुसतो.
एकदा वर पोचतो तर
काच आधीच पुसलेली.

इथे उतारा संपतो.
ना शेंडा, ना बुडखा.

उतारा म्हणतो आपण विषावरच्या औषधालाही,
आणि तिठ्यावर ठेवलेल्या दहीभातालाही,
जो ओलांडायचा नसतो.
हा कशावरचा?

खाली पाच प्रश्न.
लेखकाचा सूर कोणता: उपहासाचा, तटस्थ, हळवा, की चिंतेचा?
नवव्या ओळीतलं ‘ते’ म्हणजे काय?
यांपैकी कुठलं विधान उताऱ्यावरून काढता येत नाही?
काच कुणी पुसली
हे कुणीच विचारत नाही.
फक्त शेवटच्या ओळीशेजारी
युनशूने बारीक अक्षरात लिहिलंय, ‘मग?’
आणि खोडायचा प्रयत्न केलाय.

फोन थरथरतो. आईचा आवाज, अकरा सेकंद.
आईला वाचता येत नाही.
तुंगश्यांगच्या उघड्याबोडक्या डोंगरात
ती पोत्यावर नुसता हात ठेवून सांगते,
आतला कुठला बटाटा थंडीनं गेलाय.
घरी जी भाषा बोलतात
तिच्यात सालिमेने आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही.
आई म्हणते:
‘बटाटे तळघरात उतरवले.
बाबा आता बरे आहेत.
जेवलीस का?’

सालिमे पुन्हा ऐकते.
पुन्हा.
बाबा आजारी होते
हे कुणी सांगितलंच नव्हतं.

एवढ्यात गाओ मावशी येते, बादली ढकलत.
‘पाय वर घे. काय वाचतेस एवढं?’
सालिमे सांगते म्हाताऱ्याचं,
जमेल तसं चिनीत,
पायऱ्यांचा आकडासुद्धा चुकवत नाही.
मावशी पोछा पिळते.
‘बायकोनं पुसली असणार.’
‘यात बायकोचा उल्लेखच नाही, मावशी.’
‘उल्लेख कशाला हवा?
रोज जिन्यावरून त्याचं धापा टाकणं कुणाला ऐकू जात असेल?’
आणि ती पुढची फरशी पुसायला लागते,
जणू बेट, समुद्र, दीपगृह
हे तिच्याच मजल्यावरचं काम.

अकरा मिनिटं झाली. दोन जास्तच.
उत्तरं मागच्या पानावर:
पाचापैकी तीन बरोबर.
सूर चुकला.
तिनं लिहिलं होतं चिंतेचा,
पुस्तक म्हणतं, तटस्थ.

युनशूचंही तिथेच चुकलेलं.

सालिमे पेन्सिल उचलते,
‘मग?’च्या खाली टोक टेकवते,
आणि ठेवून देते.
तिकडे आई निजली असेल. असू दे.
ती फोन तोंडाशी धरते, बटण दाबून,
आणि बॉयलरच्या पुटपुटीवर आवाज चढवत
घरच्या भाषेत विचारते,
‘काय झालं होतं बाबांना?
सुरुवातीपासून सांग.’