मधलं रबर

ब्रेक दाबला की पायाखालून आवाज यायचा.
ठक्.
एकदाच. कुणीतरी टाळूला जीभ लावून
नापसंती कळवावी तसा.

सबफ्रेमचे बुश गेलेत, सिक्स्तेन म्हणाला.
माझा बाप. एकाहत्तर वर्षांचा.
कागदाच्या गिरणीत तीस वर्षं रोलरांना कान लावून बसलेला.
हे तो म्हणाला खाली न वाकता,
हातातला कॉफीचा कप न ठेवता.

आमच्या हेर्नोसांदला ऑक्टोबर ते एप्रिल
रस्त्यांना मीठ लावतात, मासळीला लावावं तसं.
मासळी टिकते.

दोन दिवस बोल्टांना तेल पाजलं.
गंज कुणाला भीक घालत नाही.
चौथ्या बोल्टाला पान्यावर पाइप चढवून लोंबकळले,
तेव्हा तो असा किंचाळला
की शेजारचा ओदमार खिडकीत आला
आणि सल्ला न देता परत गेला.
(हे त्याच्याकडून पहिल्यांदाच.)

खडूने खुणा केल्या, सबफ्रेम कुठे बसली होती त्याच्या.
जॅक हळूहळू उतरवला.
वीतभर खाली आली ती, आणि दिसलं:
मधलं रबर भेगाळलेलं, एका बाजूने फाटून
लोखंड लोखंडाला टेकलेलं.
दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर
हे मधे उभं होतं
आणि कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दोन लोखंडांच्या मधे राहणं काय असतं ते मला विचारा.
आई सुंद्सवालला राहते, तो इथे.
दर रविवारी दोघांचे निरोप मी नेते-आणते,
टोकं जरा घासून, बोथट करून.

दुकानातला पोरगा म्हणाला होता, पॉलियुरेथेनचे घ्या,
कडक, पुन्हा म्हणून बदलावे लागणार नाहीत.
सिक्स्तेनने मान हलवली.
जे स्वतः झिजत नाही
ते रस्ता सगळा तुझ्या मणक्यात ओततं.
रबर घे.

म्हणून रबर. रात्रभर फ्रीझरमध्ये,
लिंगनबेरी आणि गेल्या सालच्या हरणाच्या मांसाशेजारी,
आक्रसावं म्हणून.
जुन्याची नळी करवतीच्या पात्याने कापली,
केसभर, केसभर,
फ्रेमला ओरखडा न येऊ देता.
नव्याला साबणाचं पाणी, लांब आट्यांचा दांडा, दोन जाड वॉशर,
आणि पान्याचा पाव पाव फेरा.
पहिला तिरका गेला. काढला. शिव्या दिल्या.
‘बाण पुढे,’ स्टुलावरून सिक्स्तेन म्हणाला.
बुशवर खरंच इवलासा बाण होता.
पुढे कुठे जायचं, हे निदान त्याला तरी छापून मिळालं होतं.

संध्याकाळी सात. हातांना काळं, कोपराला रक्त.
बोल्ट आवळले, वर नव्वद अंश आणखी,
खडूच्या खुणांशी जुळवून.
जुना बुश मी कचऱ्यात टाकला,
त्याने उचलून वॉशिंग मशीनच्या पायाखाली सरकवला.
‘तिथे अजून चालेल.’

मग बंदरापर्यंत चक्कर मारली.
उतारावर ब्रेक दाबला.
काही नाही. फक्त टायरांखाली खडी.
‘गेला,’ मी म्हटलं.
तो माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, ‘हो, दिसलं.’
‘दिसलं?’
‘तो आवाज मला कधी ऐकूच आला नाही, त्यूरा.
गिरणीने कान केव्हाच ठेवून घेतले.
ब्रेक लावलास की तुझा डावा खांदा वर जायचा.
हिवाळाभर.’

मी काही बोलले नाही.
पुढच्या वळणाला, गरज नसताना,
जरा जोरात ब्रेक दाबला.
तो रस्त्याकडे बघत नव्हता.