चार तास

पत्रकात छापलं होतं : सकाळी नऊ, सभागृहामागची शेड,
चुलीवर तेपारी, सगळ्यांना आमंत्रण, मुलांना बक्षीस.
चाळीस खुर्च्या मांडल्या. आले सहा जण,
त्यांतले दोघे फक्त सावलीसाठी.

मोजणं हे माझं काम.
दर तीन महिन्यांनी टक्सनच्या कार्यालयाला तक्ता जातो :
किती पोती बियाणं, किती चुली, किती लाभार्थी,
किती जणांची साखर किती उतरली.
साखर उतरते हळू,
रुसून झाडावर बसलेलं पोर उतरावं तशी.
तक्त्याला तेवढी सवड नसते.

फिलोमिना होसे पहाटेच आली होती
चोया निवडुंगाच्या कळ्या घेऊन.
जाळीवर घोळवते, काटे झडतात,
वाऱ्याने उलटे येऊन तिच्याच बाहीत रुततात.
"लिही," मला म्हणाली, "मूठभर कळ्या म्हणजे पेलाभर दूध,
तुमच्या दवाखान्यातल्या बाईच सांगतात.
आम्हाला एवढंच ठाऊक होतं,
की एप्रिलमध्ये या वाळवंटात दुसरं काही नसायचं."

मी ते लिहिलं नाही. रकाना नव्हता.

दहाला शाळेची बस आली. अकरा पोरं.
पहिला प्रश्न : फ्राय ब्रेड आहे का?
नाही म्हणाले, आणि पाणी सुटलं माझ्याच तोंडाला.
सरकारी ट्रकमधून आलेला मैदा, डब्यातली चरबी,
आईने हातावर थापलेली, कढईत टम्म फुगलेली ती रोटी
भावाच्या प्रत्येक वाढदिवसाला,
आणि त्याला पुरलं त्या दिवशीही.
तिला वाईट म्हणताना
माझा आवाज दरवेळी जरा खाली येतो.

मग क्लेमेंट रामोन आला, पुतण्याच्या पिकअपमधून.
सोमवार, बुधवार, शुक्रवार
त्याचा हात मशीनला जोडलेला असतो;
आज गुरुवार, म्हणून तो स्वतःचा होता.
पातेल्यात डोकावून म्हणाला, "किती वेळ?"
"चार तास. भिजवलेली नसली तर जास्त."
"माझं रक्त धुवायलाही तेवढेच लागतात,
फक्त शेवटी वाढायला काही नसतं."
हसलं कोणीच नाही, फिलोमिना सोडून.

वाडगा पुढे केला तर त्याने तळहात आडवा धरला.
कडधान्य त्याला आता बंद. पोटॅशियम, फॉस्फरस :
मीच छापलेल्या दुसऱ्या एका पत्रकात आहे ते,
तळाशी, बारीक अक्षरात.
वीस वर्षं उशिरा पेटवलेली चूल.
काय बोलावं सुचेना, म्हणून
मी डाव फिरवत राहिले.

तो गाडीकडे गेला, कॉफीचा डबा घेऊन आला,
झाकणाला चार पदरी चिकटपट्टी.
आत पांढरं, तपकिरी, ठिपक्यांचं बी,
त्याच्या आईने निवडलेलं, ती गेली त्या वर्षीचं.
"ओळीत पेरू नका," पोरांना म्हणाला,
"ओढ्याच्या तोंडाशी पेरा. लोंढा पसरून थकतो ना, तिथे.
आणि पाणी आलं की धावत सुटायचं त्याच दिवशी.
ते थांबत नाही कुणासाठी."
दोन पोरं खुर्च्या सोडून त्याच्या पायाशी बसली.
एकाने दाणा कानाशी नेऊन हलवून पाहिला.

वाफ मात्र घेतली त्याने,
टोपी काढून, पातेल्यावर वाकून, डोळे मिटून,
खूप वेळ.

रात्री तक्ता भरला.
हजर : एकोणीस. रिकामे झालेले वाडगे : अठरा.
लाभार्थी.
क्लेमेंटला कुठे घालावं कळेना.
त्याने खाल्लं काही नाही, नेलं काही नाही,
वर एक डबा ठेवून गेला माझ्या टेबलावर.
रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला.
शेवटी एकोणीस लिहिलं. चूक असेल तर असो.

आता जुलैत त्याला ओढ्यापर्यंत कोण नेणार
हे पुतण्याशी बोलून ठेवायला हवं.
पाणी गुरुवारी येईलच असं नाही.