वायसर

जैसलमेरला पाण्याच्या टाकीखाली
रात्री बॅटरी मारली की
तांबूस झुरळं वाळूत पांगायची.
ओल हुंगत जगायची,
आमच्यासारखीच.

आता कोल्हापुरात, उत्तरेश्वर पेठेत, पेन्शनीवर
कणकेत साखर, बोरिक पावडर मळतो.
शालन म्हणते, "मीठ बघा की चाखून,"
आणि एकटीच हसते.

गोळ्या ठेवल्या सिलिंडरमागं,
मोरीच्या जाळीपाशी,
चटणीच्या डब्याखाली.

रात्री दोनला उठलो.
नळाखाली एक,
थेंबाची वाट बघत,
मिशा हलवत, ड्यूटीवर असल्यागत.
कापशी चप्पल हातात घेतली.

थेंब पडला.
त्याचं पिऊन होईस्तोवर थांबलो.
मग मारली.

सकाळी शालननं विचारलं, "किती?"
"एक," म्हटलं,
आणि नळाचा वायसर बदलायला घेतला.