फटाकडी

हिचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही.
मला रेणुका चिट्यालनं शिकवलं, चौथी ब,
पाण्याच्या टाकीमागे, मधल्या सुट्टीत :
लांबट कागद घे, मधोमध घडी घाल, उघड,
चारी कोपरे त्या घडीला आणून टेकव,
मिटव, परत मिटव, दोन्ही शेपट्या खाली ओढ,
आता टोकं चिमटीत धर
आणि कुणाला तरी झापड मारावी तसा हात खाली आण.
फट्ट.
कबुतरं उडाली. बाई आल्या.

रेणुकाला तिच्या आतेभावानं. तो भिवंडीचा.
आतेभाऊ म्हणतो, छे, मीच हिच्याकडून शिकलो,
दत्त नगरात, गड्ड्याला आलो होतो तेव्हा.
इथंच पहिली घडी चुकते.

विडी घरकुलातल्या यल्लव्वा मावशी म्हणतात,
आमच्या टायमाला सिमेंटच्या पोत्याचा कागद होता,
आवाज असला बे,
की मुकादम विड्या मोजता मोजता आकडा विसरायचा
आणि परत पहिल्यापासून, एक, दोन, तीन.
खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.
हसताना त्यांच्या बोटांतलं पान थांबत नाही.

वर्तमानपत्राची मोठी होते, पण लवकर दमते.
गणिताच्या वहीचं पान सगळ्यात बरं, का ते माहीत नाही.
लग्नपत्रिका नुसती फडफडते.
जकार्डचं जुनं पंचकार्डसुद्धा मी सोडलं नाही,
पाण्यात भिजवून, मऊ करून, वाळवून.
घडी बसली. हात आपटला.
काहीच नाही.
एवढ्या भोकांतून वारा निघून जातो,
आणि वारा कोंडल्याशिवाय आवाज कसला.

सगळ्यात जुनी सापडली ती
यादगिरी गाजुल यांच्या टेबलाच्या खणात.
चादरींचे नमुने काढायचे ते,
चौकटीच्या कागदावर, एकेक चौकोन रंगवत.
टेबल भंगारात निघालं होतं, म्हणून सुनेनं बोलावलं.
आत रबराचा तुकडा, तपकिरीची डबी, आणि ही,
पिवळी, कडांना ठिसूळ.
उलगडली, तर मोर.
अर्धाच.
नमुना अर्धाच काढायचा असतो,
दुसरा अर्धा माग आपला आपण विणतो, उलटा.
घडी बरोबर मोराच्या डोळ्यातून गेलेली.
रंग चुकला म्हणून त्यांनीच केली,
की नातवानं चांगला नमुना ढापला?
काय की, सून म्हणाली,
मामांना तर आम्ही हसतानाही बघितलं नाही.
मी ती परत मिटली. वाजवली नाही.

माझे वडील चोवीस वर्षं यंत्रमागावर.
आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे,
पाहुण्यांना वाटायचं, भांडण चाललंय.
चौथीतल्या त्याच संध्याकाळी
मी मागून जाऊन त्यांच्या कानाशी हात आपटला.
आईच्या हातून सूप निसटलं,
शेजारचं बाळ रडायला लागलं,
ते तसेच, बशीतला चहा फुंकत.

मग हात सावकाश गालावर गेला,
जिथं वारा लागला होता तिथं.
बशी खाली ठेवली. वळले.
माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं,
मोठ्या चौकशीनं,
मागातला तुटलेला धागा शोधताना बघत तसं.
‘मळ्ळी,’ म्हणाले,
आणि गाल पुढे केला.
बाहेर आलेली घडी आत ढकलून
मी पुन्हा हात उचलला.