डावी कूस

सकाळी सातला वॉर्डात कुणीतरी ओरडायचं,
पालथ्या व्हा सगळ्या, पालथ्या व्हा,
आणि चाळीस खाटा एकदम कुरकुरायच्या.
आम्ही दोघी सोडून. मी एकोणीस, नफिसा वीस.
आमची पोटं आम्हाला पालथं होऊ देत नव्हती.

डॉक्टर निगडे म्हणाल्या, तू डावीकडे वळ.
(सूटवर स्केचपेननं नाव लिहिलेलं, म्हणून ठाऊक.
चेहरा अजून पाहिलेला नाही.)
उजव्या अंगाला मोठी शीर असते,
तिच्यावर बाळाचं ओझं नको.
वळले.
डावीकडे भिंत, भिंतीवर बाटली, बाटलीत पाणी बुडबुडणारं.
घणसोलीला ओट्यावर सासूबाई टोपात चिंबोऱ्या ठेवतात,
झाकण लावल्यावर आतून येतो ना, तसा आवाज.

आठवा महिना.
पंधरवड्यापूर्वी लस घ्यायला गेले होते शाळेत.
टेबलामागच्या मुलानं पोटाकडे बघितलं
आणि आधार कार्ड परत केलं.
गरोदर बायकांना नाही, ताई. वरून आलेलं नाही अजून.
वरून म्हणजे कुठून, हे मी विचारलं नाही.

रोज रात्री पोटात सुई.
या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात,
त्यात पोटुशीचं रक्त मुळातच लवकर गोठणारं.
सुई जिथं टोचायची तिथून बाळ बाजूला सरकायचं,
की मलाच तसं वाटायचं.

जयेंद्रला फाटकाच्या आत सोडत नव्हते.
एक वही पाठव म्हटलं, तर डब्याबरोबर
दुधाच्या हिशोबाची वही आली.
पुढून दूध, मागून आम्ही.
एका खान्यात बोटावरच्या यंत्राचा आकडा,
दुसऱ्यात लाथा.
नफिसाकडे पेन नव्हतं, तिचे आकडे ती सांगायची,
मी 'न' लिहून त्याखाली मांडायचे.

१४ मे. ९४. अकरा.
१५ मे. ९३. नऊ.
१६ मे. ९१. चार मोजल्या आणि झोप लागली.
झोप की आणखी काही, ते निगडेंना माहीत.

नफिसाचं दुसरं बाळंतपण, तिला सगळं येत होतं.
खजूर खा, म्हणायची, गोड लागलं की उठून बसतं आतलं.
सतराच्या रात्री तिची खाट चाकांवरून गेली.
सकाळी वीस नंबरवर नवी चादर.
पुसायला आलेली मावशी म्हणाली, बाळ वाचलं.
दोनच शब्द.
पुढचं मी विचारलं नाही, ती बोलली नाही.
खजुरांची पुडी माझ्याच उशीपाशी राहिली होती.

मग माझी पाळी.
माझ्या फुफ्फुसांना जागा हवी होती,
म्हणून तिला सात आठवडे आधी घर सोडावं लागलं.
एक किलो सातशे.
बघितली ती नर्सच्या फोनवर, काचेच्या पेटीत.
स्क्रीनला तडा गेलेला.
मला वाटलं, गालावर आहे.
बाराव्या दिवशी हात लावला तेव्हा
आधी तिथंच बोट फिरवलं.

मिहिका आता मोठ्या शिशुत.
ते यंत्र बाहुलीच्या बोटाला लावते.
सेल कधीचे संपलेत, तरी सांगते, शंभर आले.
मी अजून डाव्या कुशीवरच झोपते.
जयेंद्र म्हणतो, वळ की गं इकडे.

परवा धाकट्या जावेला सर्दी-ताप. सहावा चालू आहे तिला.
दवाखान्यात जाऊन दाखव म्हटलं, तर हसली,
आता कुठं राहिलाय तो आजार, वहिनी?
मी काही बोलले नाही. माळ्यावरून वही काढली,
उलटी धरून तिच्या हातात दिली.
ती वाचत गेली. चारपाशी थांबली.
मग शेजारच्या खान्यावर बोट ठेवलं,
तो सतरापाशी कोरा होतो.

हिचं काय झालं?

बाळ वाचलं, मी म्हटलं.