काम चालू आहे

पहिलं पान काळं होतं.
त्यावर पिवळी अक्षरं, रिक्षाच्या मागे लिहितात तशी,
आणि वर ‘सुस्वागतम्’ उजवीकडून डावीकडे सरकत जायचं,
भिंतीत शिरायचं, पुन्हा यायचं.
दत्तवाडीतलं सायबर कॅफे, तासाला तीस रुपये.
तौफिक म्हणाला, काका, समई टाकू का, हलती ज्योत आहे?
टाक म्हटलं. दोन टाक, दोन्ही बाजूंना.
खाली आकडा: आजवरचे पाहुणे सतरा.
त्यातले चौदा मीच.

मी भोसरीत ड्राफ्ट्समन. आयुष्यभर
दुसऱ्यांच्या गिअरबॉक्सचे छेद काढले,
कोपऱ्यातल्या चौकटीत सही, तीही आखून दिलेल्या मापाची.
इथे पहिल्यांदा नाव मोठं, मधोमध,
सावलीसकट.

मस्कतहून भावाचा फोन: दादा, तुझ्या नावाच्या जागी
डॉलर, टोपी आणि उलटं प्रश्नचिन्ह दिसतंय.
फॉन्ट उतरवून घे म्हटलं.
त्याने घेतला का, ते विचारलं नाही.
बरीच वर्षं मी तिकडे
डॉलर, टोपी, प्रश्नचिन्ह म्हणूनच राहत असेन.

मग निळा काळ आला. डावीकडे पट्टी, पट्टीवर बटणं
साबणाच्या वड्यांसारखी फुगलेली:
माझ्याविषयी. सायकली. किल्ले. बाबा.
किल्ल्यांच्या पानावर राजमाची, एकच फोटो तीनदा,
कारण टेबलाला खण तीन होते.
‘बाबा’ मात्र पहिल्या दिवसापासून तसंच:
टिचकी मारली की पिवळ्या त्रिकोणात
एक कामगार माती खणायचा.
काम चालू आहे.

फावडं वर, फावडं खाली. ढीग तेवढाच.
आमचा रस्ता खणला, बुजवला, पुन्हा खणला,
विद्यापीठाचा पूल बांधला, पाडला,
हा आपला खणतोय.
लिहायचं तरी काय होतं?
खडकीच्या कारखान्यातली चौतीस वर्षं,
हाताचा वास, जो लिंबानेही जायचा नाही,
आणि त्या वासावरून मी एकदा
मित्रांदेखत जे बोललो, ते.
एवढंच. दोन परिच्छेद.

युनिकोड आलं तेव्हा दोन रात्री जागून
सगळं पुन्हा टाइप केलं.
कुऱ्हाडीतला ऱ्ह पडद्यावर जसाच्या तसा उमटला,
पहाटे तीनला उठून चहा केला मी, एकट्यासाठी, साखर जास्त.
एक ‘बाबा’ तेवढं
टाइप करावं लागलं नाही.

गेल्या दिवाळीत ऋजुताने सगळं पांढरं केलं.
भाची, बाणेरला असते, हेच तिचं काम.
समया गेल्या, सावली गेली, आकडा गेला.
नाव आता करड्या रंगात, मुंगीएवढं, वर डावीकडे.
एवढी जागा मोकळी कशी गं?
मोकळी नाही ती, मामा. पान श्वास घेतं तिथे.
घेत असेल. आम्ही शीटवर एवढी जागा सोडली असती
तर साहेबाने कागदाचे पैसे कापले असते.

आणि ही लिंक कुठेच जात नाही, ती म्हणाली, काढते.
काढ म्हटलं.

काल जुनी सीडी लावली. कुरकुरली, मग उघडली.
काळं पान, दोन ज्योती,
नाव रस्त्यापलीकडून वाचता येईल असं,
आणि आत, त्रिकोणात, तो.
तेवीस वर्षं.
त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी नोटपॅड उघडलं. रंग नाही, पट्टी नाही.
लिहिलं: तेव्हा आम्ही येरवड्यात राहायचो.
लिहिलं: बाबा सायकलने जायचे, होळकर पुलावर वारा उलटा असायचा.
लिहिलं: एकदा मी
आणि थांबलो.

त्याला सीडीवरून उचललं,
त्या अर्ध्या ओळीखाली आणून ठेवलं.
खण बाबा, अजून थोडं.