पडद्यामागचं पाणी

पाण्यात उतरण्याआधी आम्ही
एकेक घोट घेतो माशाच्या खारट अर्काचा.
पोटात शेगडी पेटते, म्हणायचे वडील.
मला तर नुसतं मळमळतं.
पण घेतो.

कमरेइतकं तळं, बांबूचा पडदा,
पडद्यापलीकडे माणसं.
त्यांना बदकं दिसतात, कोल्हा दिसतो.
आमचे गुडघे दिसत नाहीत.

अठरा होतो आम्ही. आता चार.
त्यातला खोआत हायफाँगला बूट शिवतो,
रजा मिळाली तर येतो.

पोरींच्या हाती काठी द्यायची नाही, गावाचा नेम.
पोरगी सासरी जाते,
दोरीची गाठ त्या गावाला कळते.
माझ्या बहिणीनं ती गाठ
पडद्याच्या फटीतून बघून बघून पाठ केली,
कुणाला बोलली नाही.
गेली तेव्हा तिच्या पेटीत
अंगठ्याएवढं बदक निघालं,
उंबराच्या लाकडाचं, मान फिरणारं.

म्हणून आज तिची नात, थोआ,
माझ्या शेजारी उभी आहे.
माघाचं पाणी. दात वाजतायत.
‘आजोबा, जळू लागलीय पायाला.’
‘लागू दे. मान फिरव.’

फिरवली. पण उलटी.
कोल्ह्याकडे बघायचं सोडून बदक
काठावरच्या पोरांकडेच बघायला लागलं,
आणि असा हशा उठला
की ढोलवाल्याचा ताल चुकला.

चूकच होती ती.
खेळ संपला की सांगू म्हटलं,
मग राहूनच गेलं.

रात्री बदक पुसताना पाहिलं,
चोचीवरची लाख उडालीय.
सकाळी लावू. तिलाच सांगतो.